उभी पलटणही जेवते: सिव्ह सिक्समधलं सैन्य आणि तिजोरी

दापोलीला कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाचा सिव्हिलायझेशन सिक्सबद्दल, म्हणजे शहरं वसवत आणि सैन्य बांधत राज्य वाढवायच्या कॉम्प्युटर गेमबद्दल, प्रश्न आहे. थोडक्यात असा: "सिव्हिलायझेशन सिक्स खेळतोय, गॅदरिंग स्टॉर्म या पुरवणीसह, प्रिन्स लेव्हल, स्टँडर्ड स्पीड. टर्न (खेळी) ९५. माझी ४ शहरं, त्यातली ३ समुद्राला लागून. सैन्यात ६ आर्चर (तिरंदाज), ३ स्वोर्ड्समन (तलवारवाले), २ हॉर्समन (घोडेस्वार), १ कॅटापल्ट (दगड फेकणारं यंत्र), २ गॅली (लढाऊ जहाजं) आणि सुरुवातीचे २ वॉरियर (साधं पायदळ). शेजाऱ्याचं एक बंदर १५ टर्न वेढून बसलोय. एका बाजूला डोंगर, दोन बाजूंना पाणी, जमिनीवरून जायला ३ च चौकटी. तट पाडला, पण शहराची हेल्थ दर टर्नला परत भरते. गोल्ड दर टर्नला उणे ७, शिल्लक ८०. लोक नाराज. सैन्य एवढं मोठं असून मी मागे का पडतोय? आधी पैसा बघू की लढाई?"

बाबा रे, तुझ्या दोन्ही अडचणींचं मूळ एकाच जागी आहे. तू पलटणी मोजतोस, पण त्या रोज किती खातात ते मोजत नाहीस.

आधी तुझाच हिशोब मांडतो. आर्चरला दर टर्नला १ गोल्ड पगार, ६ आर्चरचे ६. स्वोर्ड्समनला २, तिघांचे ६. हॉर्समनला २, दोघांचे ४. कॅटापल्टला २. गॅलीला १, दोन्हींचे २. वॉरियरला काहीच नाही. एकूण दर टर्नला २० गोल्ड. तुझी आवक उणे ७ दिसते, म्हणजे सैन्य नसतं तर ती अधिक १३ असती. शिल्लक ८० आहे, उणे ७ च्या वेगाने ती ११ टर्न पुरेल. त्यानंतर तिजोरी शून्यावर येईल, लोकांची नाराजी आणखी वाढेल आणि गेम तुझ्या पलटणी आपणहून विसर्जित करायला लागेल. कुठली जाईल हे तू ठरवणार नाहीस. मी एकदा बेटांच्या नकाशावर असाच सापडलो होतो. वेढा ऐन रंगात आला होता, शहर दोन टर्नांत पडलं असतं आणि तटासमोरची पलटणच नाहीशी झाली. त्या रात्री मला हा हिशोब नीट कळला आणि तेव्हापासून मी प्रत्येक डावाची वही ठेवतो.

माझा पोटापाण्याचा धंदा हिशोब लिहिण्याचा आहे. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या काही बोटींची खाती माझ्याकडे असतात. बोट समुद्रात गेली की डिझेल, बर्फ, रेशन लागतं हे सगळ्यांना दिसतं. नव्या नाखव्याला उशिरा कळतं ते वेगळंच: बोट धक्क्याला बांधून ठेवली तरी खर्च चालूच राहतो. खलाशांचं जेवण, कर्जाचा हप्ता, जाळ्यांची दुरुस्ती, बुडाला रंग. म्हणून १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधीच हुशार नाखवा ठरवतो, किती खलाशी ठेवायचे, कुणाला उचल देऊन गावी पाठवायचं, बोट कधी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा किती भांडवल हातात लागेल. तुझ्या त्या २ गॅली या क्षणी कुठे आहेत? माझा अंदाज, तुझ्याच बंदरात 'पहाऱ्याला' उभ्या आहेत. त्या धक्क्याला बांधलेल्या बोटी आहेत.

आता आजच्या टर्नला करायचं काम. पॉलिसी कार्डांच्या, म्हणजे राज्याची धोरणं लावायच्या, पानावर जा. लष्करी खान्यात काय आहे? बहुतेक अगोगे, म्हणजे तिरंदाज आणि पायदळ लवकर बनवणारं कार्ड, असेल, कारण तू आर्चर आणि स्वोर्ड्समन बनवत होतास. ते काढ आणि कॉन्स्क्रिप्शन लाव. स्टेट वर्कफोर्स हे सिव्हिक (सामाजिक प्रगतीचा टप्पा) झालं की ते मिळतं, आणि टर्न ९५ पर्यंत ते तुझं झालेलं असणार. त्याने प्रत्येक पलटणीचा पगार १ गोल्डने कमी होतो. तुझ्याकडे पगारी पलटणी १४ आहेत, म्हणजे १४ गोल्ड वाचले. उणे ७ ची आवक एका कार्डाने अधिक ७ झाली. नवीन सिव्हिक पूर्ण होतं त्या टर्नला कार्ड फुकट बदलता येतं, मधेच बदललं तर गोल्ड मोजावं लागतं. तुझं सिव्हिक २-३ टर्नांत पूर्ण होणार असेल तर तेवढं थांब, नाहीतर पैसे भरून बदल. तेवढा खर्च थोड्याच टर्नांत निघून येतो. आणि सैन्य बांधायचं कार्ड सैन्य बांधून झाल्यावरही लावून ठेवणं, ही चूक मी खूप चांगल्या खेळाडूंच्या डावात पाहिली आहे. कार्ड हे हंगामासारखं असतं. पेरणीच्या वेळी पेरणीचं, कापणीला कापणीचं.

पैशाला श्वास मिळाला की वेढ्याकडे वळू. तुझा डाव मला रंगवून सांगावा लागत नाही. डोंगर, पाणी आणि मधे चिंचोळी पट्टी, हे आपलंच कोकण आहे. सिव्ह फोरपर्यंत एका चौकटीवर वाटेल तेवढ्या पलटणी रचता यायच्या. २०१० साली सिव्ह फाइव्ह आला आणि एका चौकटीवर एकच लढाऊ पलटण असा नियम झाला. सिक्समध्येही तोच आहे. याचा अर्थ तुझ्या सैन्याची खरी रुंदी म्हणजे समोर मोकळ्या असलेल्या चौकटी. तिथे ३ चौकटी असतील तर पुढच्या रांगेत ३ पलटणी, मागून दोन चौकटींवरून मारणारे एक-दोन आर्चर, बस्स. बाकीचे रांगेत उभे राहून पगार घेतात. अशा जागी १६ पलटणींनी जे होणार नाही ते मोजक्या पलटणींनी होतं.

आणि हेल्थ का भरते? कारण तुझा वेढा वेढाच नाही. शहराभोवतीची प्रत्येक चौकट तुझ्या पलटणीने व्यापलेली असली पाहिजे किंवा तिच्या धाकक्षेत्रात, म्हणजे झोन ऑफ कंट्रोलमध्ये, आली पाहिजे. तेव्हाच शहराची हेल्थ भरायची थांबते. जमिनीवरच्या पलटणीचा धाक पाण्यावर चालत नाही. तुझी समुद्राची बाजू सताड उघडी आहे.

मुरुडला जाऊन जंजिरा बघितला आहेस ना? नसशील तर या सुट्टीत जा. शिवाजी महाराजांनी त्यासाठी वारंवार प्रयत्न केले, जवळच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमाराला मोठा वेढा दिला, समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली. किनारा बराचसा मराठ्यांच्या हातात होता, तोफा होत्या, माणसं जीव द्यायला तयार होती. पण सिद्दीला मुघलांचं पाठबळ होतं आणि त्याची समुद्राची बाजू कायमची बंद करता आली नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलं की पाच-दहा मिनिटांतच कळतं, जमिनीवरून तो किल्ला किती जवळ दिसतो आणि पाण्यावरून किती लांब आहे. तुझ्या नकाशावरचं ते बंदर जंजिऱ्याएवढं अवघड नाही, कारण तुझ्याकडे गॅली आहेत आणि शत्रूचं आरमार तू सांगितलेलं नाहीस, म्हणजे ते बहुधा नाही.

तेव्हा दोन्ही गॅली तिकडे ने. शहराला लागून असलेल्या पाण्याच्या चौकटी अशा धर की एकीचा धाक दुसरीच्या कडेपर्यंत पोहोचेल. तट पडलेला असल्यामुळे शहर आता बाण मारू शकत नाही, कारण दुरून मारा करायची ताकद तटाबरोबर येते. त्यामुळे गॅलींना मुख्य धोका आतल्या पलटणीचाच. आणि पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट सांगतो: गॅली समुद्रावरून शहरावर हल्लाही करू शकते आणि शेवटचा घाव तिचा असेल तर शहर ताब्यातही घेऊ शकते. म्हणजे जमिनीच्या ३ चौकटींच्या जोडीला तुला पाण्यावरून आणखी २ दारं मिळाली.

कॅटापल्ट कुठे आहे? मागे असेल तर पुढे आण. आर्चर शहरावर बाण मारतो तेव्हा त्याच्या २५ ताकदीतून १७ वजा होतात. उरले ८. कॅटापल्टच्या ३५ मधून काहीच वजा होत नाही. मात्र ते हलवलं त्याच टर्नला डागता येत नाही, म्हणून आदल्या टर्नला जागेवर पोहोचवून पुढ्यात स्वोर्ड्समन उभा करायचा. आणि पुढच्या वेळी तट शाबूत असलेल्या शहरावर जाशील तेव्हा मेसनरीनंतर मिळणारा बॅटरिंग रॅम बरोबर घे. जुन्या तटापुढे पायदळाचा घाव पंधरा टक्क्यांवर येतो; रॅम शेजारी असला की तोच घाव पूर्ण बसतो. एक रॅम सोबतच्या सगळ्या पायदळाला पुरतो.

जखमी पलटणींचंही गणित बघ, इथे पैसा आणि लढाई अगदी एकमेकांत गुंतलेले आहेत. ताकद सारखी असेल तर दोघांनाही सरासरी ३० चा घाव बसतो, पलटणीची हेल्थ १००. तुझी ताकद १० ने जास्त असेल तर तू साधारण ४५ मारतोस आणि २० खातोस. ३० ने जास्त असेल तर एका घावात समोरचा संपतो. आणि दर १० जखमेमागे पलटणीची ताकद १ ने घटते. म्हणजे ६० जखम झालेला तुझा स्वोर्ड्समन ३५ चा राहत नाही, २९ चा होतो. त्याला शत्रूच्या मुलखात बसवून ठेवलंस तर टर्नला ५ ने भरतो, १२ टर्न लागतात. तुझ्या हद्दीत १५ ने, म्हणजे ४ टर्न. तुझ्या शहरात २० ने, ३ टर्न. १२ टर्न बसून २४ गोल्ड खाणारा आणि ३ टर्नांत ६ गोल्डवर उभा राहणारा, शिपाई एकच. हद्द जवळ असेल तर मागे घे. लांब असेल तर शत्रूचं शेत लूट, तिथली लूट थेट हेल्थ भरून देते. बरीच मुलं जखमी पलटण तिथेच 'थांब' म्हणून विसरतात. तुझे तिघे स्वोर्ड्समन आळीपाळीने पुढे-मागे करत राहिलास तर चौथ्याची गरज पडणार नाही.

तसा चौथा लगेच मिळणारही नाही. गॅदरिंग स्टॉर्ममध्ये एका स्वोर्ड्समनला २० लोखंड लागतं आणि एका खाणीतून टर्नला २ येतं. तुझे ३ स्वोर्ड्समन म्हणजे ६० लोखंड, ३० टर्नांची खाण. म्हणून लोखंडाची पलटण मरू देऊ नकोस. आर्चर गेला तर हळहळावं, स्वोर्ड्समन गेला तर डाव १० टर्न मागे जातो.

लोकांची नाराजी याच युद्धातून आली आहे. परक्या मुलखात लढलं की युद्धाचा शीण जास्त चढतो, पलटण गमावली की आणखी, आणि तो अमेनिटीतून (लोकांच्या सुखसोयींच्या आकड्यातून) वजा होतो. अमेनिटी कमी झाली की शहराची वाढ मंदावते आणि उत्पन्न घटतं. उत्पन्न घटलं की गोल्ड आणखी खाली. म्हणून मी प्रत्येक लढाईला आधीच शेवटची तारीख घालतो. तुझ्या या वेढ्याची तारीख टर्न १०५. तोवर बंदर पडलं तर उत्तम. नाही पडलं तर तह कर. युद्ध पुकारल्यापासून १० टर्न तह करता येत नाही, पण तुझे १५ होऊन गेलेत, दार उघडं आहे. तहाच्या बोलणीत दर टर्नला काही गोल्ड माग. पडलेला तट आणि दारातलं सैन्य बघून तो बऱ्याचदा देतो. तहानंतर १० टर्न कुणालाच युद्ध पुकारता येत नाही, तो तुझा पावसाळा समज.

पावसाळ्यावरून एक पत्र आठवतं आणि ते मला या खेळात जितकं उपयोगी पडलं तितकं कुठलंही ट्यूटोरियल पडलं नाही. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ हलवर्णला मराठ्यांच्या घोडदळाची छावणी होती. पाऊस तोंडावर आला होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. त्यात लढाईचा डावपेच नाही. आहे तो दाण्याचा आणि गवताचा हिशोब. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-गवत आत्ताच मनाला येईल तसं उधळून संपवाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपासाने मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग शिपाई कुणब्यांच्या घरी दाणा, लाकूड, भाजीपाला घ्यायला शिरतील, आणि रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतकं बारीक त्यात लिहिलं आहे.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा सिव्हच्या पडद्यावरचे सगळे आकडे मला त्यात दिसले. लढत नसलेल्या घोडदळाला काय लागतं, साठा किती दिवस पुरवायचा, साठा संपला की भार कुणावर पडतो आणि त्याने राज्य आतून कसं पोखरतं. एवढा मोठा सेनापती लढाई नसलेल्या महिन्यांची एवढी काळजी करतो. तुझी टर्न ६० ते ८० मधली कागदपत्रं असती तर त्यांत काय दिसलं असतं? १४ पगारी पलटणी, युद्ध नाही, आणि तिजोरीतून रोज दाणा जातोय.

त्यामुळे पुढच्या युद्धाची तयारी वेगळी कर. वॉरियर आणि स्लिंगर (गोफणवाला) या दोघांना पगार लागत नाही. वॉरियर ४० प्रॉडक्शनला, स्लिंगर ३५ ला होतो. शांततेच्या काळात सैन्य याच कच्च्या रूपात ठेवायचं. स्लिंगरने एखादा रानटी टिपला की आर्चरीचं युरेकाही, म्हणजे ते तंत्र शोधायला मिळणारी सवलत, पदरात पडतं. ४ वॉरियर ३० टर्न सांभाळले तर खर्च शून्य. तेच ४ स्वोर्ड्समन ३० टर्न सांभाळले तर २४० गोल्ड गेले. ते गोल्ड तिजोरीत साठव, लोखंड साठव, प्रोफेशनल आर्मी कार्ड लाव, त्याने अपग्रेडचा खर्च निम्मा होतो. युद्ध पुकारायच्या आदल्या टर्नला, आपल्या हद्दीत उभं राहून, सगळ्यांना एकदम अपग्रेड कर. शेजाऱ्याला काल चार जुनाट वॉरियर दिसत होते, आज चार तलवारवाले दारात. संपूर्ण हल्ल्याचा पगार तू लढाईच्या १२-१५ टर्नांपुरताच देतोस. आरमाराला मॅरिटाइम इंडस्ट्रीज कार्ड आहे, जुन्या काळातली जहाजं दुप्पट वेगाने होतात. ते लावून हव्या तेवढ्या गॅली एका दमात काढ आणि कार्ड परत फिरव.

तुझ्या त्या दोन वॉरियरना विकायचं, मोडायचं मनात आणू नकोस. त्यांना एकेका शहरात बसव. लिमिटानेई कार्ड असेल तर पहाऱ्याच्या पलटणीमुळे शहराची निष्ठा टर्नला २ ने वाढते, पुढे रिटेनर्स मिळालं की अमेनिटीही १ ने वाढते. फुकटचा शिपाई लोकांना शांत ठेवतो. जिंकलेल्या बंदरात तर हे फार लागतं. शेजारच्या शत्रूच्या शहरांचा दाब त्याच्यावर येतो आणि निष्ठा घसरली तर ते हातातून निसटतं. गव्हर्नर लगेच तिथे पाठव, त्याच्या असण्याने निष्ठेला ८ मिळतात.

घर राखायला आर्चरांची फौज लागत नाही. तट बांध. जुना तट ८० प्रॉडक्शनला होतो, त्याला देखभाल खर्च शून्य आणि शहर स्वतःच बाण मारायला लागतं. प्रिन्स लेव्हलला तट आणि आत एक आर्चर एवढ्यावर शेजाऱ्याचा साधा हल्ला परततो. रानट्यांपासून वाचायचं तर त्यांचा स्काउट तुझं शहर बघून छावणीवर परत जायच्या आत मार. तो परतला की टोळी येते.

आता मिळालेल्या अधिक ७ चं काय करायचं. इथे हात आवर, पुन्हा पलटण घेऊ नकोस. गोल्डने पलटण विकत घ्यायची तर तिच्या प्रॉडक्शनच्या चौपट पडतं. ६० चा आर्चर २४० गोल्डला. तुझी ३ शहरं समुद्राला आहेत आणि त्यातल्या एकातही हार्बर असल्याचं तू लिहिलेलं नाहीस, हे मला सगळ्यात जास्त टोचलं. किनाऱ्याला घर आणि घरात होडी नाही असं झालं. हार्बर शहराच्या केंद्राला लागून ठेव, तिथे २ गोल्ड मिळतात, शेजारच्या प्रत्येक सागरी संसाधनाचे १-१ वर. मासळीच्या दोन चौकटींना बोटी लावल्या की सेलेस्टियल नेव्हिगेशनचं युरेका मिळतं, म्हणजे हार्बरचं तंत्र ४० टक्के स्वस्तात. मग लाइटहाउस बांध. त्याने अन्न, गोल्ड, घरं वाढतात आणि मुख्य म्हणजे एक नवा व्यापारी मार्ग मिळतो. हार्बरच्या शेजारी कमर्शियल हब (बाजारपेठ) ठेवलास तर त्याला हार्बरमुळे आणखी २ गोल्ड. शहर, हार्बर आणि हब असा त्रिकोण जमला की ते शहर कितीतरी स्वोर्ड्समन एकट्याने पोसतं.

एक बारीक युक्ती: डिस्ट्रिक्टची, म्हणजे हार्बर-हबसारख्या शहराच्या विभागाची, किंमत जसजसं तंत्रज्ञान वाढतं तशी चढत जाते, पण जागा धरून काम एकदा मांडलं की तिची किंमत तिथेच गोठते. म्हणून प्रॉडक्शन हाताशी नसलं तरी तंत्र हाती आलं की लगेच तिन्ही शहरांत हार्बर मांडून ठेव आणि सवडीने पूर्ण कर.

व्यापारी मार्गांत, गोल्ड हवं असेल तर परदेशी शहराशी जोड, नवीन शहर वाढवायचं असेल तर आपल्याच शहराशी. ज्याच्याशी युद्ध आहे त्याच्याशी मार्ग राहत नाही, आणि समुद्रावरचा मार्ग त्याची गॅली लुटू शकते. हेच तूही करू शकतोस. कान्होजी आंग्र्यांचं आरमार नुसता खर्च नव्हता. दस्तक (परवाना) घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत सुखाने जाऊ शकत नसे, आणि त्या दस्तकाचा पैसा आरमाराकडेच यायचा. वेढा संपल्यावर तुझी गॅली घरी परतू देण्याआधी शत्रूच्या व्यापारी वाटेवर फिरव.

जास्तीची चैनीची संसाधनं आणि डिप्लोमॅटिक फेव्हर (राजनैतिक वजनाचे गुण) इतर देशांना विकता येतात, ३० टर्नांसाठी दर टर्नला गोल्ड मिळतं. दर दहा टर्नांनी प्रत्येक नेत्याकडे एक फेरी मार. दोन मिनिटांचं काम आहे.

रान तोडून एकदम प्रॉडक्शन घ्यायचं का, हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. तू शेती शिकतोस, तुला कल्टार, म्हणजे आंब्याला लवकर मोहोर आणायचं औषध, माहीत आहे. बहर लवकर ओढता येतो, झाडाची पोटभर सोय केली नाही तर पुढे झाड थकतं. ज्या शहरात रान सोडून प्रॉडक्शनच नाही तिथे कुऱ्हाड घालू नकोस. जिथे ती चौकट हबसाठी तशीही जाणार आहे तिथे आधी बिल्डरकडून (गेममधल्या कामकऱ्याकडून) तोडून घे, मग डिस्ट्रिक्ट मांड.

शेवटी माझी वही. साधी शंभर पानी, पाच रकाने: टर्न, शिल्लक, आवक, पगार, आणि पाचवा रकाना 'काम'. दर १० टर्नांनी एक ओळ. पाचव्या रकान्यात प्रत्येक पगारी पलटणीपुढे लिहायचं की पुढच्या १० टर्नांत ती नेमकं काय करणार. तुझ्या डावाची आजची ओळ मी अशी लिहिली असती: टर्न ९५, शिल्लक ८०, आवक उणे ७, पगार २०, स्वोर्ड्समन ३ – बंदर, कॅटापल्ट – बंदर, आर्चर २ – बंदर, गॅली २ – समुद्र बंद, आर्चर ४ –, हॉर्समन २ –. तो रिकामा रकाना बघ. ८ गोल्ड तिथे जातात.

त्या चार आर्चरांना किनाऱ्यावरच्या शहरांत एकेक बसव, म्हणजे तट होईपर्यंत तेच पहारा. उरलेला एक वेढ्यात बदली म्हणून ने. दोन्ही हॉर्समन शत्रूच्या मागच्या बाजूला सोड, त्याच्या खाणी आणि शेतं लुटायला. घोडदळाला तटासमोर उभं करून काही मिळत नाही. वेगाने जाऊन लुटून परतणं हेच त्याचं काम, आणि लुटीचा फायदा तुझ्या खात्यात येतो.

वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर घाबरू नकोस, ऑटोसेव्हवर डाव टर्नच्या सुरुवातीपासून परत मिळतो. आपल्याकडे जून-जुलैत वाऱ्यापावसात हे दर दोन दिवसांनी होतं. त्या वेळात वही काढून पाचवा रकाना भर. टर्न १०५ ला शिल्लक, आवक, पगार आणि बंदर पडलं की नाही हे चार आकडे मला कळव. तिन्ही शहरांतलं पहिलं हार्बर कुठे पूर्ण करायचं ते त्यावरून ठरवू.